बाबा आयसीयूत आहेत, डॉक्टर सांगतात ते इंग्लिश शब्द कुणी नीट समजावून सांगेल का?

जांबोटी_रोड

नमस्कार सगळ्यांना. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबांना (वय ६२, शेती, शुगर आधीपासून) ताप-खोकल्यातून न्यूमोनिया झाला आणि एका रात्री एकदम दम लागायला लागला म्हणून १०८ बोलावून बेळगावला आणलं, तेव्हापासून एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूत आहेत, आठवडा होत आला. संध्याकाळी मोठे डॉक्टर बाहेर येऊन पाच मिनिटं सांगतात, तोडून बोलत नाहीत, माणूस चांगला आहे, पण सगळं इंग्लिशमधून नाहीतर कन्नडमधून आणि मी नि काका दोघंही मराठी शाळेतले. काका तर मान हलवून मोकळे होतात.

काल जे जे बोलले ते मी कानाला आलं तसं मोबाईलवर टाईप करून घेतलंय. पेशंट सेडेटेड आहे. व्हेंटिलेटरवर एफआयओटू ६०. नॉरॲड चालू आहे. क्रिएटिनिन २.८. जीसीएस ई टू व्ही टी एम फाईव्ह. प्रोग्नोसिस गार्डेड. क्रिटिकल बट स्टेबल. आता क्रिटिकल आणि स्टेबल एकाच वेळी कसं असतं हेच मला कळेना झालंय. आणि आज सिस्टर म्हणाल्या की एक-दोन दिवसांत ट्रॅकी करायचं ठरतंय, सही लागेल, म्हणजे गळ्याला भोक पाडणार म्हणे. बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं सांगूलेत की व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस परत येत नाही, नुसतं बिल वाढतंय. गुगल केलं तर अजूनच घाबरायला होतं. आई घरी आहे, ती रोज रात्री फोनवर विचारते "काय म्हणाले गं डॉक्टर" आणि तिला सांगायला माझ्याकडं काहीच नसतं. ह्यातलं कुणी हॉस्पिटल लाईनमधलं असेल तर प्लीज साध्या भाषेत सांगा.

मिरजेची_सिस्टर

ताई, मी मूळची बेळगाव तालुक्यातलीच, मिरजेला आयसीयूत ड्युटी करते. तुमच्या बाबांना मी बघितलेलं नाही त्यामुळं त्यांचं पुढं काय होणार ते मी सांगणार नाही आणि इथं कुणी सांगायला लागलं तर ऐकूही नका. शब्दांचा अर्थ मात्र सांगते.

सेडेटेड म्हणजे औषध देऊन झोपवून ठेवलंय. तोंडातून जी नळी घशात घातलीय तिला आम्ही ईटी ट्यूब म्हणतो, ती जागेपणी सहन होत नाही, माणूस ओढून काढतो, म्हणून मिडॅझोलॅम, फेंटॅनिल अशी औषधं चालू ठेवतात. ती नळी स्वरयंत्राच्या मधून खाली जाते, त्यामुळं आवाज फुटत नाही. पुष्कळ नातेवाईक "बोलायचे बंद झाले, लकवा मारला काय" म्हणून रडतात, तसं नसतं, नळी आहे तोपर्यंत कुणालाच बोलता येत नाही.

एफआयओटू म्हणजे मशीन जी हवा देतंय तिच्यात ऑक्सिजन किती टक्के. तुम्ही-आम्ही बाहेर श्वास घेतो त्यात २१ टक्के असतो. बाबांना ६० टक्के लागतोय. आता हे नीट ध्यानात घ्या, मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९५ दिसतंय एवढ्यावर खूश किंवा नाराज व्हायचं नाही, ते ९५ किती ऑक्सिजनवर आहे ते विचारायचं. १०० टक्क्यांवर ९५ आणि ४० टक्क्यांवर ९५ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ६० चा ५० झाला, ५० चा ४० झाला तर फुफ्फुस सुधारतंय. त्याच्याबरोबर पीप म्हणून एक आकडा असतो, श्वास सोडल्यावरही फुफ्फुस मिटू नये म्हणून मशीन जो दाब धरून ठेवतं तो, तोही हळूहळू ५ च्या आसपास आला की बरं.

नॉरॲड म्हणजे नॉरॲड्रिनलिन, बीपी धरून ठेवायचं औषध. इन्फेक्शनशी झगडताना शरीराचाच तोल जातो आणि अवयवांना मार बसतो त्याला सेप्सिस म्हणतात, त्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, आता बघा मोटर तीच आणि पाईप मात्र दुप्पट रुंद केला तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसं रक्त किडनीपर्यंत जोरानं पोचत नाही. नॉरॲड त्या वाहिन्या आवळून धरतं. कुणी ह्यालाच इनोट्रोप म्हणतात, कुणी नुसतं सपोर्ट म्हणतात, "सिंगल सपोर्टवर आहे, डबल सपोर्टवर आहे" असं ऐकाल. मॅप म्हणजे सरासरी बीपी ६५ च्या वर ठेवायला बघतात. औषधाचा डोस कमी होत चाललाय की वाढत चाललाय हे विचारा, बीपीच्या आकड्यापेक्षा ते जास्त सांगतं.

क्रिएटिनिन किडनीचं. साधारण एकच्या आसपास पाहिजे, बाबांचं २.८ आहे म्हणजे किडनीला मार बसलाय. पण त्याच्याबरोबर लघवी किती होतेय ते विचारा. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० एमएल तरी व्हायला पाहिजे. लघवी चांगली होत असेल तर सेप्सिसमधली किडनी पुष्कळदा सावरते, दरवेळी डायलिसिस लागतंच असं नाही.

क्रिटिकल बट स्टेबल म्हणजे जीवाला धोका आहे, पण कालपासून आजपर्यंत मशीन आणि औषधं वाढवावी लागली नाहीत. प्रोग्नोसिस म्हणजे पुढं काय होईल त्याचा अंदाज, तो गार्डेड म्हणजे डॉक्टर कुठल्याच बाजूनं शब्द द्यायला तयार नाहीत, टाळतायत असं समजू नका, त्यांनाही अजून दिसत नाहीय.

रोज एफआयओटू, नॉरॲडचा डोस, चोवीस तासांची लघवी, क्रिएटिनिन आणि ताप एवढंच तारखेसकट लिहून ठेवा. आणि आईला त्या आकड्यांचं काही सांगू नका, "ऑक्सिजन कालच्यापेक्षा कमी लागतोय" किंवा "कालच्याएवढाच लागतोय" एवढं सांगा. तिला तेवढं पुरतं आणि ते खरं असतं.

निपाणीवाला

सिस्टरनी मस्त सांगितलंय. माझ्या आईच्या वेळी आम्ही भावकीतली सगळी माणसं आळीपाळीनं आत जायचो आणि बाहेर येऊन प्रत्येकजण वेगळंच सांगायचा, शेवटी थोरल्या वहिनीनं ठरवलं की डॉक्टरांशी एकटी तीच बोलणार आणि बाकीच्यांनी तिला विचारायचं, तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं सगळ्यांचं. डॉक्टरलाही तेच बरं पडतं.

पैशाचं बोलतो कारण कुणी आधी सांगत नाही. रेशन कार्ड बीपीएल असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात, बाकीच्यांनाही पॅकेजच्या ३० टक्के मिळतात. एरवी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं पण इमर्जन्सीला थेट चालतं. हॉस्पिटल योजनेत आहे का ते आणि आरोग्यमित्राचं (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं) टेबल कुठं आहे ते आजच्या आज विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

आणि बाकड्यावरची माणसं जे बोलालेत ते सगळंच खोटं नसतं हं. आमच्या गावात अजून म्हणतात की मेलेल्या माणसाला दोन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवून बिल काढतात. खरं काय ते कुणीतरी डॉक्टरनं इथं सांगावं.

भूलवाला_डॉक्टर

मी ॲनेस्थेशियाचा, आयसीयूत बरीच वर्षं काढलीत. निपाणीवाल्या दादांचा प्रश्न आधी घेतो, कारण ह्या संशयापायी माणसं योग्य वेळी सही देत नाहीत.

हृदय थांबलं की व्हेंटिलेटर काही करू शकत नाही. ते फक्त हवा आत ढकलतं, रक्त फिरवत नाही. हृदय बंद पडलेलं शरीर काही तासांत गार पडतं, ताठतं, मॉनिटरवर नाडी नसते, लघवीच्या पिशवीत काही येत नाही. तुम्हाला शंका असेल तर आत जा, हात धरा, ऊब बघा, पिशवी बघा, तो तुमचा हक्क आहे आणि चांगला डॉक्टर रागावत नाही. गोंधळ होतो तो ब्रेन डेडमुळं. तिथं मेंदू कायमचा गेलेला असतो आणि हृदय मशीन-औषधांवर काही काळ चालू असतं. ते ठरवायला १९९४ च्या अवयवदानाच्या कायद्यात चार डॉक्टरांचं मंडळ आणि निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी सांगितलीय, कुणी एकट्यानं म्हणून होत नाही. आणि नुसता बेशुद्ध असणं, कोमात असणं, सेडेशनवर असणं ह्यातलं काहीच ब्रेन डेड नव्हे. बिलाबद्दल तक्रार असू शकते, ती रोजचं आयटमवार बिल मागून करा.

"व्हेंटिलेटरवर गेला म्हणजे संपला" ह्याबद्दल. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, पोरांचे श्वासाचे स्नायू लुळे पडून ती मरत होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि हातानं रबरी फुगा दाबून श्वास दिला, आणि मग दीड हजाराच्या आसपास मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे तो फुगा दाबत बसले. मरणारी पोरं निम्म्याहून कमी झाली. पुढच्याच वर्षी त्यानं अशा पेशंटसाठी वेगळा वॉर्ड काढला, आयसीयू तिथनं सुरू झालं. आजही व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही, अँटिबायोटिकला आणि शरीराला काम करायला वेळ मिळवून देतं. कुणाला तो वेळ पुरतो, कुणाला पुरत नाही.

जांबोटी ताई, आता तुमची ट्रॅकी, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी. गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनळीत छोटं छिद्र करून आखूड नळी बसवतात. तोंडातली नळी निघते. त्यामुळं सेडेशन खूप कमी लागतं, तोंड साफ ठेवता येतं, कफ ओढून काढणं सोपं जातं, आणि मशीन हळूहळू सोडवायला, ज्याला आम्ही वीनिंग म्हणतो, सोयीचं पडतं. पेशंट सुधारला की नळी काढतात, छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरून येतं, आवाजही परत येतो. गळा कापला, आता जन्मभर असंच, असं नाही. धोका शून्य नाही, रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून सही घेतात.

कधी करायची ह्यावर मात्र थोडं बोलायला जागा आहे. साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान विचार होतो. ब्रिटनमध्ये ट्रॅकमॅन नावाचा मोठा अभ्यास झाला होता, २०१३ ला छापून आला, त्यात चार दिवसांच्या आत केली काय आणि दहा दिवसांनंतर केली काय, मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून "आणखी दोन दिवस सेडेशन कमी करून स्वतः श्वास घेतात का बघूया का" हे विचारायला अजिबात संकोच करू नका. सकाळी सेडेशन थांबवून अर्धा ते दोन तास मशीनचा आधार कमी करून बघतात, ती ट्रायल झाली का, जमली नसेल तर का जमली नाही, हे विचारा. उत्तर पटलं तर सही द्या.

जीसीएस राहिलं. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, मिळून १५ म्हणजे पूर्ण जागा, सगळ्यात कमी ३. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ ला काढलेली मोजणी आहे. ई टू म्हणजे दुखवलं की डोळे उघडतात, व्ही टी म्हणजे नळी आहे म्हणून बोलण्याचे मार्क देता येत नाहीत, एम फाईव्ह म्हणजे दुखवलं तिथं हात नेतात. झोपेचं औषध चालू असताना हे मार्क कमीच येणार, त्यावरून मेंदूचा निकाल लावू नका.

हलगा_सांबरा

डॉक्टर साहेब आणि सिस्टर दोघांनाही मनापासून धन्यवाद, मी हे सेव्ह करून ठेवलंय.

आपल्याकडं अजून एक अडचण आहे ती सांगतो, बोर्ड कन्नडमध्ये, रात्रीच्या सिस्टर कन्नड किंवा मल्याळी, आपली म्हातारी माणसं मराठी. दारावर तीव्र निगा घटक लिहिलेलं असतं ते आयसीयूच, आपण अतिदक्षता विभाग म्हणतो ते. उसिराट म्हणजे श्वास, श्वासकोश म्हणजे फुफ्फुस, रक्तदोत्तड म्हणजे बीपी, प्रज्ञे म्हणजे शुद्ध. मूत्रपिंड आपलंच. ओप्पिगे पत्र म्हणजे संमतीचा कागद, त्यावर सही करायच्या आधी कुणालातरी मराठीत वाचून दाखवायला सांगा, वॉर्डातल्या मावशी-मामांमध्ये एकतरी मराठी माणूस असतोच. समजेल त्या भाषेत सांगून मगच सही घ्यायची असते, ह्यात राजकारण काढायचं कारण नाही, वाद न घालता नम्रपणे मागा, देतात.

आणि केसपेपरची कॉपी लेखी अर्ज देऊन मागता येते, ७२ तासांत द्यावी लागते. ओळखीतल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला उपयोगी पडते.

घटप्रभा_काठ

वाचून वाटलं म्हणून विचारते, डामा आणि डीएनआर हे दोन काय आहेत? आमच्या मामांच्या वेळी डॉक्टरांनी "पुअर प्रोग्नोसिस" सांगितल्यावर भावकीनं ठरवलं की उंबऱ्याच्या आत जीव जाऊ दे, डामावर सही केली आणि ॲम्ब्युलन्समध्ये फुगा दाबत गावाकडं आणलं. घरी नळी काढल्यावर पुढचा वेळ जो गेला तो मी अजून विसरले नाही. दुसरा काही रस्ता होता का?

भूलवाला_डॉक्टर

ताई, होता. आणि हे जेवढ्या लोकांना कळेल तेवढं बरं, म्हणून थोडं लांबण लावतो.

डामा, कुठं लामा म्हणतात, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेणे. सही केली की जबाबदारी तुमची, आणि त्यात वाईट भाग असा की पेशंट दम लागण्याच्या, दुखण्याच्या औषधाविना घरी जातो. डीएनआर म्हणजे हृदय थांबलंच तर छाती दाबणं, शॉक देणं हे करायचं नाही, बाकीचे उपचार चालूच राहतात. डीएनआर म्हणजे पेशंटला सोडून दिलं असं नव्हे.

उपचारांनी आता फक्त यातना लांबतायत असं डॉक्टर आणि घरचे दोघांना वाटत असेल तर मशीनचा आधार रीतसर काढून घेता येतो. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज नावाच्या संस्थेच्या खटल्यात ते मान्य केलं, जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आणि कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये त्याचं परिपत्रकही काढलं. तीन डॉक्टरांचं एक मंडळ हॉस्पिटलात बघतं, तिघांचं दुसरं मंडळ त्याची खात्री करतं, घरच्यांची लेखी संमती लागते. आणि ह्या सगळ्यात दम लागू नये, दुखू नये ह्याची औषधं चालू ठेवतात, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. घरीच न्यायचं असेल तरी त्या औषधांसकट नेता येतं का हे विचारायचं. अजून सगळ्या हॉस्पिटलांत हे सुरळीत चालत नाही हे खरं आहे, पण "डामा सोडून दुसरं काय करता येईल" एवढं एक वाक्य विचारलं तरी बोलणं सुरू होतं. घरातल्यांनी त्या वेळी जे केलं ते मायेपोटी केलं, त्यांना दोष देऊ नका.

जांबोटी ताई, हे तुमच्या बाबांसाठी लिहिलेलं नाही. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांत मला हा विषय काढण्यासारखं काही दिसत नाही.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे खूप खूप आभार, काय बोलू कळत नाही. काल संध्याकाळी कागदावर लिहून नेलं आणि विचारलं. एफआयओटू ६० वरून ५० केलंय. नॉरॲड निम्म्यावर आलंय. क्रिएटिनिन २.६, लघवी बरी आहे. सकाळी ट्रायल घेतली होती पण दहा मिनिटांतच धाप लागली, कफ खूप आहे आणि जोर नाही म्हणाले, त्यामुळं ट्रॅकी करायची. मी दोन दिवस थांबूया का विचारलं तर डॉक्टर चक्क खुर्ची ओढून बसले आणि काय काय बघून ठरवलंय ते सांगितलं, निम्मं मराठीत. पटलं म्हणून सही दिली, उद्या सकाळी करणार आहेत. काकाही म्हणाले की आता कळतंय काय चाललंय ते.

आईला सांगितलं, बाबांना ऑक्सिजन कालच्यापेक्षा कमी लागूलाय. ती लगेच म्हणाली मग मी बघायला येते.

अजून एक विचारायचं होतं. सेडेशन कमी केलं तर बाबा हात झटकतात, डोळे भिरभिरतात, मला ओळखलंच नाही असं वाटलं, आणि त्यांचे हात पट्टीनं कॉटला बांधलेत. ते बघून फार वाईट वाटलं. हे नॉर्मल आहे का? आणि ट्रॅकीनंतर आईला आत सोडतात का?

मिरजेची_सिस्टर

बरं वाटलं वाचून. ह्याला डिलिरियम म्हणतात, आयसीयूतल्या पेशंटमध्ये खूप बघायला मिळतं, त्यातून वय, शुगर, इन्फेक्शन, झोपेची औषधं, दिवस-रात्र न कळणं. वेड लागलेलं नाही, बहुतेकांचं हळूहळू उतरतं, काहींना घरी गेल्यावरही थोडे दिवस राहतं. हात बांधतात ते नळी ओढू नये म्हणून, आम्हालाही ते करायला आवडत नाही. तुम्ही जवळ असाल तेव्हा "मी हात धरून बसते, पट्टी सैल कराल का" असं विचारा, बऱ्याच सिस्टर हो म्हणतील.

आई येत असेल तर फार चांगलं, किती वेळ सोडतात ते सिस्टर इन-चार्जना विचारा. बाबांचा चष्मा असेल तर घेऊन या, कानाला मशीन लावून ऐकत असतील तर ते पण. जवळ गेल्यावर आधी तुम्ही कोण ते सांगा, मग आज वार कुठला, सकाळ आहे की संध्याकाळ, कुठं आहात, हे आपल्या मराठीत सांगत राहा, रोज घरी हाक मारता तशीच हाक मारा. "मला ओळखलं का" असं परत परत विचारू नका, त्यानं ते अजून बावरतात. आत जाताना आणि बाहेर येताना हात सॅनिटायझरनं चोळा, अंगारा-भस्म आत न्यायचं असेल तर सिस्टरना विचारून पुडीत ठेवा, जखमेजवळ किंवा नळीजवळ लावू नका.

ट्रॅकीनंतर पहिले एक-दोन दिवस कफात थोडं रक्त दिसेल, खोकला येईल, त्याला घाबरू नका. पण लाल ताजं रक्त सारखं यायला लागलं किंवा नळी हललेली दिसली तर हात न लावता लगेच सिस्टरना हाक मारा. सुरुवातीला बोलता येणार नाही, आईला हे आत जायच्या आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल वाचाच गेली. वही आणि जाड स्केचपेन ठेवा, बाबांना लिहिता येत नसेल तर दुखतंय, तहान, घाम, कुशी बदला असे मोठ्या अक्षरात लिहून बोट ठेवायला सांगा. वाचता येत नसेल तर चित्रं काढा.